भाचीच्या रिपोर्टात ४६, एक्सवाय आलंय, कुणी नीट समजावून सांगेल का?

पूर्वभागची_मावशी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं नुसती वाचते, लिहायलेय पहिल्यांदाच. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीला, खो-खो खेळते. तिला अजून पाळी आली नाही. येईल उशिरा येईल म्हणत दीड वर्ष गेलं, कुणी पपई खायला घाल म्हणालं, कुणी तीळ-गूळ, शेवटी दिवाळीनंतर दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त बाहेरगावी पाठवलं, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, त्यात ४६, एक्सवाय लिहिलंय.

सांगितलं कसं तेही ऐका. ओपीडी गच्च भरलेली, दार उघडं, दारात पुढचे पेशंट उभे, आणि डॉक्टर म्हणाले की हा जेनेटिकली मुलगा आहे, पोटात गाठी असतील त्या ताबडतोब काढून टाकू, पोरीला काही सांगू नका, उद्या लग्नाचं बघताना अडचण येईल. बहीण तिथंच खुर्चीला धरून बसली. पोर बाहेर बाकड्यावर होती. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक, पण त्या दिवसापासून ती प्रॅक्टिसला गेली नाहीये.

आम्ही घरात तेलुगू, बाहेर मराठी, आमच्यात नात्यात लग्नं होतातच, बहिणीला आत्याच्याच घरात दिलीये. आता शेजारपाजारचे म्हणायलेत नात्यात दिली म्हणून झालं, आणि आत्या म्हणते आमच्या घरात असं कधी कुणी नव्हतं. बहीण मधल्या मधी चिरडली चाललीय. मला एवढंच कळायला पाहिजे की हे आहे काय, ऑपरेशनची इतकी घाई खरंच आहे का, आणि जिला आम्ही सोळा वर्षं पोर म्हणून वाढवलं ती पोर नाही असं एका कागदावरून कसं म्हणायचं.

चादरवाला
ताई, आधी धीर धरा. मी काय डॉक्टर नाही, पण शाळेत शिकलोय ते एवढंच की एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. मग सॅम्पलच बदललं नसेल कशावरून? लॅबमध्ये शंभर ट्यूबा असतात. पुन्हा एकदा करा की ओ.

लॅबवाला_सातरस्ता
मी मूळचा सात रस्त्याचा, आता पुण्यात. क्रोमोसोमची, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची तपासणी हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

सॅम्पल बदलू शकतं, पुन्हा करायला काहीच हरकत नाही. पण सोळा वर्षांची मुलगी, पाळी नाही आणि रिपोर्ट एक्सवाय, हे आम्ही वर्षातून काही वेळा बघतो. ही चूक नसते. हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमधलं रक्त येतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी आम्ही तीन दिवस ३७ अंशावर वाढवतो. त्यांना विभाजनासाठी जागं करतो ते राजम्यातून काढलेल्या एका प्रथिनानं, आणि विभाजन ऐन मध्यावर थांबवतो ते कोल्चिसीन जातीच्या औषधानं, जे आपल्या बांधावरच्या कळलावीतही असतं. मग पेशी फुगवायच्या, काचेवर वरून थेंब सोडायचा, रंग द्यायचा, की मायक्रोस्कोपखाली पट्ट्यापट्ट्यांचे क्रोमोसोम दिसतात. साधारण वीस पेशी मोजतो. रिपोर्टातला ४६ म्हणजे क्रोमोसोमचा एकूण आकडा. तुमच्या हातात जो कागद आहे त्याच्या शेवटच्या ओळीत एक लांब एक्स आणि शेजारी एक बुटका वाय असेल.

आता खरी गोष्ट. तो वाय म्हणजे मुलगा नाही. वायच्या टोकाजवळ एसआरवाय नावाचं एक जनुक असतं, ते १९९० साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते एक्सएक्स उंदराच्या गर्भात घातलं तर तो नर झाला. म्हणजे काम त्या एका जनुकापासून सुरू होतं. पोटातला गर्भ पहिले सहा आठवडे दोन्ही वाटा घेऊन चाललेला असतो, ग्रंथी एकच, नळ्यांच्या जोड्या मात्र दोन. एसआरवायनं इशारा दिला की ग्रंथी वृषण बनते, वृषण दोन हार्मोन सोडतं, एक गर्भाशयाची वाट मिटवतं, दुसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉन, ते बाहेरचं शरीर मुलाचं घडवतं. या साखळीत कुठलीही एक कडी निसटली की पुढचं सगळं वेगळं होतं. कुठली निसटली हे रिपोर्टवरच्या दोन अक्षरांवरून कळत नाही. ऑपरेशनचं उत्तरही त्यावरच अवलंबून आहे.

म्हणून मला सांगा. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं का नाही? छाती नीट वाढलीय का? काखेत केस आहेत का? लहानपणी जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का? आणि बहिणीच्या आईच्या बाजूला, म्हणजे तुमच्याच आईच्या घरात, कुणा बाईला कधीच पाळी न आल्याचं ऐकलंय का?

जुनी_मिल
वाईट वाटून घेऊ नका पण म्हणजे हे तृतीयपंथी म्हणतात तेच का?

कांचन_होटगीरोड
@जुनी_मिल नाही काका. विचारलंत ते बरं केलं, निम्म्या सोलापूरचा हाच समज असेल. हे शरीराच्या जडणघडणीचं आहे, जन्माच्या आधीचं. इंटरसेक्स म्हणतात, मराठीत काही जण आंतरलिंगी लिहितात. ट्रान्सजेंडर म्हणजे स्वतःला आतून काय वाटतं त्याचा प्रश्न, आणि किन्नर हा तर एक समाज आहे, त्यांची गुरू-चेल्याची रीत आहे. काही इंटरसेक्स माणसं त्या समाजात गेली असतील कारण घरच्यांनी ठेवलं नाही, पण दोन्ही एक नव्हे. ही पोर मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, तिला स्वतःला मुलगी वाटतं. बस की.

शिवार_करमाळा
डॉक्टरकीतलं मला कळत नाही पण एक सांगतो. आमच्या गोठ्यात गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड. आमचा बाप तेव्हाच म्हणाला ही कालवड गाभण राहायची नाही, वाढवू नको. मी हट्टानं ठेवली, तीन वर्षं वैरण घातली, खरंच राहिली नाही. व्हेटर्नरी डॉक्टर म्हणाले दोघांची वार जोडलेली असते, गोऱ्ह्याचं रक्त पोटात असतानाच तिच्यात येतं, त्यातनं तिची पिशवी नीट घडत नाही, अशा दहातल्या नऊ तरी वांझ निघतात. म्हणजे बापाला जे माहीत होतं ते पुस्तकातपण आहे. पण ती कालवड आमच्यासाठी कालवडच होती. लै मायाळू होती.

बार्शी_एक्सप्रेस
मग आमच्या जुळे सोलापुरातल्या पोरींचं काय होणार 😄

लॅबवाला_सातरस्ता
@बार्शी_एक्सप्रेस 😄 माणसात तसं होत नाही, जुळ्या बहीण-भावांच्या आयांनी उगाच घाबरू नका, माणसाच्या जुळ्यांत तशा रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत. पण शिवारभाऊंचं उदाहरण चोख आहे. त्या कालवडीचे क्रोमोसोम मूळचे मादीचेच होते, वाट बदलली ती भावाकडून आलेल्या हार्मोनमुळे. नुसती अक्षरं सगळं ठरवत नाहीत ते असं.

डाळिंब_सांगोला
माझ्या मुलीचं सांगतो. आमचं उलटं होतं. ती जन्मली तेव्हा नर्स पटकन काही बोललीच नाही. मुलगा का मुलगी, तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी सांगेना, पेढे आणून ठेवलेले तसेच. कुणी म्हणालं मुलगा लिहा, पुढं बघू. बाराव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, दूध ठरेना, आम्ही गॅस्ट्रो समजलो, रात्री दोनला तिला घेऊन पळालो तेव्हा पोर निळी पडली होती. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं रक्तातलं सोडियम खाली आणि पोटॅशियम वर बघितलं आणि लगेच ओळखलं. सीएएच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक एन्झाइम नसतं, २१-हायड्रॉक्सिलेज, मग कॉर्टिसॉल बनत नाही आणि त्याच्या जागी पुरुषी हार्मोन वाढतात. क्रोमोसोम एक्सएक्स, गर्भाशय आहे, बीजांडं आहेत, पूर्ण मुलगी. आता ती सात वर्षांची आहे. दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, बायको ती खलबत्त्यात कुटून मधात देते, ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट. शाळेच्या बॅगेत चिठ्ठी असते.

ज्यांच्या घरात तान्हं बाळ असं जन्मेल त्यांनी नाव काय ठेवायचं ते नंतर बघा, आधी सोडियम-पोटॅशियम बघा. दोन आठवड्यांत जीव जाऊ शकतो, आणि मुलगा लिहिला असता तर कुणाला संशयही आला नसता.

बायको माझी मामाची मुलगी आहे. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यात नात्याचा संबंध आहे.

तेलंगी_पेठ
झालं, आलं नात्यावर. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मामा-भाची, आते-मामे होतात, सगळे काय आजारी निघाले का? ज्यांच्यात परक्यात होतात त्यांच्यात दवाखाने रिकामे आहेत का? उगाच एका समाजावर बोट ठेवू नका.

लॅबवाला_सातरस्ता
@तेलंगी_पेठ बोट कुणावर नाही. सीएएचचं बिघडलेलं जनुक सहाव्या क्रोमोसोमवर असतं, सेक्स क्रोमोसोमवर नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. एकच प्रत बिघडलेली असली तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. नात्यात लग्न झालं की एकाच आजोबांची तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक. बहुतेक नात्यातल्या लग्नांत काहीच होत नाही, तुमचं म्हणणं तिथं खरं आहे. पण डाळिंबभाऊंच्या घरी झालं ते त्यामुळेच झालं असणार.

आता मावशींसाठी महत्त्वाचं. त्यांच्या भाचीचं मला जे वाटतंय ते असेल तर त्यात नात्याचा काडीचा संबंध नाही. मी त्यांच्या उत्तराची वाट बघतोय.

निनावी_३८
वेगळ्या आयडीनं लिहितोय, सभासद मी जुनाच आहे.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही. सहा वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच. दर गुरुवारी अक्कलकोट, ओटी भरणं, हिचे उपास, आईचे टोमणे. ती कधी उलट बोलली नाही. शेवटी एका डॉक्टरनं माझं वीर्य तपासायला सांगितलं, त्यात शुक्राणू शून्य. मग क्रोमोसोम, ४७, एक्सएक्सवाय. क्लाइनफेल्टर. मी सहा फूट, दाढी विरळ, बाकी काही त्रास नाही, धंदा व्यवस्थित. सहाशे ते हजार पुरुषांत एक असतो म्हणे, आणि बहुतेकांना मरेपर्यंत कळत नाही. क्लाइनफेल्टर डॉक्टरनं १९४२ ला वर्णन केलं, जास्तीचा एक्स सापडला १९५९ ला, आणि आमच्या घरात २०१९ पर्यंत दोष बायकोचाच होता.

कुणाकडून वारशानं आलेलं नाही, आईच्या बीजात किंवा बापाच्या शुक्राणूत वाटणी होताना एक एक्स चुकून जास्त आला एवढंच. ऑपरेशन करून वृषणातून शुक्राणू शोधतात, बऱ्याच जणांत सापडतात, माझ्यात नाही सापडले. दत्तकासाठी नाव घातलंय. टेस्टोस्टेरॉन चालू आहे, हाडं आणि उमेद दोन्हीला बरं वाटतंय.

मावशी, तुमच्या बहिणीला सांगा की कुणाचा दोष म्हणून कुणी काही सहन करू नये. मी त्या घरात बसून बघितलंय.

कांचन_होटगीरोड
@निनावी_३८ दादा, वहिनींना हे सगळं आईसमोर सांगितलंत का कधी?

निनावी_३८
सांगितलं. रिपोर्ट हातात घेऊन सांगितलं. आई दोन दिवस जेवली नाही, मग तिसऱ्या दिवशी हिला स्वतःच्या हातानं शेंगाची पोळी करून वाढली. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण टोमणे थांबले.

पूर्वभागची_मावशी
लॅबवाले दादा, तुमचे प्रश्न कागदावर लिहून बहिणीकडं गेले. गर्भाशय दिसत नाही असं सोनोग्राफीत आहे. छाती व्यवस्थित, चारचौघींसारखी. काखेत केस जवळजवळ नाहीतच, तिच्या मैत्रिणी हेवा करतात म्हणे. आणि हर्नियाचं तुम्हाला कसं कळलं? तीन वर्षांची असताना दोन्ही बाजूंना ऑपरेशन झालंय. बहिणीनं पत्र्याच्या ट्रंकेतून फाइल काढली, पिवळी पडलीय, त्यात सर्जननं लिहिलंय की पिशवीत बीजांडासारखी गाठ दिसली, आत ढकलली.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. तो वाचला आणि मी उठून मागच्या दारी जाऊन बसले.

आमच्या आईची धाकटी बहीण, चिन्नम्मा. उंच, नितळ चेहरा, आयुष्यात एक पुटकुळी आली नाही. तिला कधी पाळी आली नाही. लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्यानं आणून सोडलं, वांझ म्हणून. मग ती आमच्याच घरात राहिली, विड्या वळायची. मांडीवर सूप, कात्रीनं तेंदूचं पान एका मापात कापायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायची, हजार विड्या व्हायला दिवस जायचा. हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, ती त्या दिवशी मुद्दाम कारखान्यात माल द्यायला जायची. २०११ ला गेली. तिलाही हेच असेल का हो दादा? म्हणजे तिला कुणी कधी सांगितलंच नाही का?

लॅबवाला_सातरस्ता
मावशी, तपासणी नसताना खात्रीनं सांगता येत नाही, पण तुम्ही सांगताय ते सगळं चित्र त्याच आजाराचं आहे. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १९५३ साली मॉरिस नावाच्या डॉक्टरनं अशा बायकांवर मोठा लेख लिहिला होता, म्हणजे चिन्नम्मांच्या हयातीत हे पुस्तकात होतं. त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

होतं काय ते सांगतो. एसआरवाय ठीक, वृषण बनतं, पोटातच किंवा जांघेत राहतं. गर्भाशय मिटवणारं हार्मोन काम करतं, म्हणून गर्भाशय नाही. टेस्टोस्टेरॉनही भरपूर बनतं. पण ते ओळखणारा जो रिसेप्टर प्रत्येक पेशीत असतो तोच बिघडलेला असतो. आपल्या जुन्या मिलचा भोंगा आठवा, भोंगा रोज वाजतोय पण सगळं गाव बहिरं, कामावर कुणीच जात नाही. मग शरीर पोटातल्या पोटात मुलीचंच घडतं. आणि वयात येताना तेच टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन बनतं, त्यानं छाती वाढते. मुरुम नाहीत, काखेत केस नाहीत, कारण त्या दोन्हीला टेस्टोस्टेरॉन ऐकू यावं लागतं. हर्नियाचं म्हणाल तर जांघेचा हर्निया असलेल्या शंभर लहान मुलींत एखाद-दुसरी अशी निघते, म्हणून विचारलं.

रिसेप्टरचं जनुक एक्स क्रोमोसोमवर आहे. आईच्या दोन एक्सपैकी एकावर बिघाड असतो, दुसरा चांगला असतो म्हणून आईला काही होत नाही. तिचं मूल एक्सवाय असेल तर अर्धी शक्यता. म्हणजे हे तुमच्या आजीकडून चिन्नम्मांकडं, तुमच्या आईकडून बहिणीकडं, आणि तिथून पोरीकडं आलेलं असणार. नवरा कोण, आतेभाऊ का परका, याचा काही संबंध नाही. आत्यांना हे सांगाच, पण दोष आता आईच्या माथी मारू देऊ नका. कुणी हे निवडून देत नाही.

आता घाई. छाती नीट वाढलीय आणि गर्भाशय नाही म्हटल्यावर घाई नाही. त्या ग्रंथी तिला लागणारं हार्मोन देतायत. गाठ कॅन्सरची होण्याचा धोका लहान वयात कमी असतो, म्हणून आता बरेच डॉक्टर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि मग मुलीशी बोलून ठरवतात. काढल्या तर पुढं वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन घ्यावं लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. याच्या उलट स्वायर नावाचा प्रकार आहे, तिथंही एक्सवायच, पण ग्रंथी बनलेलीच नसते, गर्भाशय असतं, छाती वाढत नाही, आणि तिथं कॅन्सरचा धोका इतका असतो की लवकर काढाव्याच लागतात. दोघींचा रिपोर्ट शब्दशः सारखा. म्हणून म्हणत होतो की अक्षरांवरून ऑपरेशन ठरत नाही. एमआरआय करा, हार्मोन तपासा, रिसेप्टरच्या जनुकाची टेस्ट करा, आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कुठंही सही करू नका.

तेलंगी_पेठ
मावशी, मी परवा तावातावानं लिहिलं. चिन्नम्मांचं वाचून गप्प झालो. आमच्या गल्लीतपण एक अशीच होती.

सोन्नलगी
सगळं मान्य पण पोरीला सांगायला नको असं माझं मत. सोळा वर्षांचं वय. आत्महत्येच्या बातम्या वाचतो आपण. गर्भाशय नाही एवढंच सांगा, एक्सवाय बिक्सवाय कशाला? डॉक्टर तेवढं बरोबर बोलले.

ठेंगणी_बाई
@सोन्नलगी दादा, मी चार फूट सात इंच आहे, झेडपीच्या शाळेत शिकवते. मला टर्नर आहे, ४५, एक्स, म्हणजे दुसरा एक्सच नाही. दोन-अडीच हजार मुलींत एक असते. आईवडलांना मी अकरा वर्षांची असताना कळलं होतं. मला सांगितलं नाही. मी पंचवीस वर्षांची असताना कपाटात फाइल सापडली. आजाराचं मला फार वाटलं नाही. चौदा वर्षं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटीच बावळटासारखी उंची वाढायच्या दोरीला लटकत होते, याचं वाटलं. आणि न सांगितल्यामुळे माझ्या हृदयाचा इकोही कधी झाला नव्हता, टर्नरमध्ये महारोहिणी अरुंद असू शकते, ते तपासायचं असतं.

पूर्वी डॉक्टरच लपवा म्हणायचे. २००६ ला जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून जे लिहिलं त्यात उलट सांगितलंय, वयाला झेपेल असं पण खरं सांगा. आणि ही पोर तर दाराबाहेर बसून अर्धं ऐकून बसलीय. उरलेलं अर्धं ती गुगलवर वाचत असेल, रात्री, एकटी. ते जास्त भयंकर.

सोन्नलगी
बाई, हे मी धरलं नव्हतं. माघार घेतो.

खोखो_कोच
ती खेळाडू आहे म्हणून विचारतो, पुढं राज्य पातळीला गेली तर अडवतील का? आपली धावपटू शांती सौंदराजन, तिचं २००६ च्या दोहा एशियाडमधलं ८०० मीटरचं रौप्य लिंगचाचणीवरून काढून घेतलं, धावपटू द्युती चंदला २०१४ ला बाहेर बसवलं आणि तिला क्रीडा लवादापर्यंत जाऊन २०१५ ला टेस्टोस्टेरॉनचा नियम थांबवून घ्यावा लागला.

लॅबवाला_सातरस्ता
@खोखो_कोच सर, स्पेनची हर्डल्सवाली मारिया होसे मार्टिनेझ-पाटिनो हीच अवस्था असलेली. १९८५ ला जपानमध्ये कोबेच्या स्पर्धेत ती लिंगचाचणीत अडकली, पुढं तपासात एक्सवाय निघालं, पदकं गेली, शिष्यवृत्ती गेली. तिनं लढून सिद्ध केलं की टेस्टोस्टेरॉन तिच्या शरीराला ऐकूच येत नाही तर फायदा कसला, आणि १९८८ ला तिला परत घेतलं. तुमच्या पोरीला सध्या मैदानावर परत आणा एवढंच बघा.

वेळापूरकर
आमच्या वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं. आपल्या लोकांनी हे पूर्वीच ओळखलं होतं.

कांचन_होटगीरोड
@वेळापूरकर दर्शनाला मीही येते दादा. पण देवाला अर्धनारी म्हणून हात जोडणारी गल्लीच चिन्नम्माला हळदी-कुंकवाला बोलवत नव्हती.

कायद्याचंही लिहून ठेवते. मद्रास हायकोर्टानं एप्रिल २०१९ ला निकाल दिला की तान्ह्या इंटरसेक्स बाळांवर जिवाचा धोका नसताना लिंग "दुरुस्त" करायची ऑपरेशनं करू नयेत, आणि तमिळनाडू सरकारनं त्याच वर्षी तसा आदेश काढला. डाळिंबभाऊंच्या मुलीसारखं औषध वेगळं, ते तर लागतंच.

पूर्वभागची_मावशी
पाच आठवडे झाले, लिहायला उशीर झाला. पुण्याला जाऊन आलो. एमआरआयमध्ये गर्भाशय नाही, दोन्ही ग्रंथी जांघेजवळ. रिसेप्टरच्या जनुकात बदल सापडला, लॅबवाल्या दादांनी सांगितलं तेच निघालं. ऑपरेशन आत्ता नाही, दर वर्षी तपासायचं. आत्याला मी स्वतः वंशावळ काढून दाखवली, वहीच्या मधल्या पानावर, गोल आणि चौकोन काढून. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, म्हणजे माझ्या पोराचं काही नाही आणि तुझ्या बहिणीचंही काही नाही. म्हटलं हो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसवलं आणि पोरीशी एकटीशी पाऊण तास बोलल्या. दार बंद करून. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. गाडीत इंदापूर येईपर्यंत एक अक्षर नाही. मग तिनं माझ्याकडून रिपोर्ट मागून घेतला, शेवटच्या ओळीवर नख ठेवलं आणि म्हणाली, हा एवढासा? मी म्हटलं हो, एवढासाच. मग म्हणाली, मावशी, सगळ्या मुली मॅचच्या आधी तारखा मोजतात, मला कधीच मोजाव्या लागणार नाहीत ना. आणि मग परत रडली. मूल होणार नाही, ते तिला कळलंय, ते ती मध्येच कधीतरी बोलते, मग गप्प होते. आम्ही विषय बदलत नाही आता.

तिनं चिन्नम्माचा फोटो मागितला. एकच आहे, मुंजीसारख्या दिसणाऱ्या कुणाच्या तरी कार्यक्रमातला, मागच्या रांगेत उभी. तिनं तो मोबाइलवर घेतलाय.

दादा, एक शेवटचं. तिची धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. तिचं आत्ताच बघायचं का? आणि मला दोन मुलगे आहेत, त्यांचं काय?

लॅबवाला_सातरस्ता
मुलग्यांची काळजी नको. तो बदल त्यांच्यात आला असता तर ते मुलगे म्हणून जन्मलेच नसते. धाकटीची एक साधी सोनोग्राफी करा, गर्भाशय दिसलं तर ती एक्सएक्स आहे असं धरायला हरकत नाही. मग ती नुसती वाहक आहे की नाही हा प्रश्न उरतो, तो ती मोठी झाल्यावर तिचा ती ठरवेल, आज टेस्ट करायची गरज नाही. तुमच्या स्वतःच्या वाहक असण्याचंही तसंच.

पूर्वभागची_मावशी
सोनोग्राफी परवा झाली. गर्भाशय आहे. थोरलीच तिला घेऊन गेली होती, आम्हाला येऊ दिलं नाही, म्हणाली काय ते मी सांगते तिला. आज सकाळी साडेपाचला बूट घालून ग्राउंडवर गेलीय.

खोखो_कोच
🙏 डबा द्यायला विसरू नका.